‘मम्मी, तुला नाही येत. रोबोला येतं!’

पत्र थोडक्यात: इचलकरंजीच्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा सव्वाचार वर्षांचा, बालवाडीत जातो. नवरा यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. पाळी संपवून घरी येईपर्यंत मूल बहुतेक झोपलेलं असतं. घरात सासूबाई आहेत. दिवाळीला पुण्याच्या मामाने भाच्यासाठी इंग्रजी शिकवणारा बोलका रोबो आणला. पहिले तीन महिने फुकट होते, आता महिन्याला ७०० रुपये भरायचे आहेत. मुलगा रंग, प्राणी, आकडे इंग्रजीत घडाघडा म्हणतो, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवतो. पण रात्री गोष्ट ऐकायला आज्जीच्या अंथरुणात शिरायचा, ते बंद झालं आहे. परवा खिडकीत कावळा आला. आई म्हणाली, ‘कावळा बघ.’ त्यावर तो म्हणाला, ‘मम्मी, तुला नाही येत. रोबोला येतं.’ जूनमध्ये शाळेत घालायचं आहे आणि नवऱ्याला इंग्रजी माध्यम हवं आहे. ताई स्वतः मराठी माध्यमातून बारावी झाल्या आहेत. त्या विचारतात, ‘सासूबाई म्हणतात ते खेळणं फेकून दे, हे म्हणतात पैसे भर. रोबो बंद केला तर माझ्यामुळे पोरगा मागे पडेल का?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात रोबोबद्दल दोन पानं आहेत आणि स्वतःबद्दल चार ओळी. ‘मी मराठी माध्यमाची, मला इंग्रजीत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, माझ्यामुळे पोराचं नुकसान नको,’ अशा त्या ओळी. रोबोचं काय करायचं ते सांगतेच, पण आधी या ओळींचं बघू. रोबो उद्या कपाटात ठेवला तरी त्या घरातच राहणार आहेत.

मुलाचं वाक्य ऐकून तुम्ही आत जाऊन रडलात असं लिहिलंय. सव्वाचार वर्षांचं मूल टोमणा मारत नाही. या वयात कुणाला काय येतं आणि काय नाही याची मोजदाद अखंड चालू असते. बाबांना झाडावर चढता येतं, आज्जीला पळता येत नाही, मम्मीला इंग्रजी येत नाही. त्याच्या लेखी एवढंच. तुम्हाला ते लागलं, कारण तेच वाक्य तुम्ही स्वतःला रोज ऐकवता. आणि मला वाटतं, पाहुण्यांसमोरही ‘मला कुठलं इंग्रजी, रोबोच शिकवतो त्याला’ असं एक-दोनदा तुमच्या तोंडून गेलं असेल. मुलं असं काही विसरत नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, तिने तुम्हाला धीर येईल. जपानमध्ये त्सुकुबा इथे फुमिहिदे तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ मध्ये एक प्रयोग मांडला. तीन ते सहा वर्षांच्या जपानी मुलांना इंग्रजी क्रियापदं शिकवायची होती. त्यांनी रोबोला शिक्षक न करता विद्यार्थी केलं. रोबो चुकायचा, आणि मुलं त्याचा हात धरून ‘असं नाही, असं कर’ म्हणत त्याला ती क्रिया शिकवायची. जी क्रियापदं मुलांनी रोबोला अशी शिकवली, ती त्यांच्या स्वतःच्याही जास्त लक्षात राहिली.

बघा ताई, ‘मला येत नाही, तू दाखव’ हे म्हणण्यासाठी तिथे काही लाखांचं यंत्र लागलं. तुम्ही ते मनापासून म्हणू शकता, आणि तुमचा मुलगा तुम्हाला शिकवायला तयारच बसला आहे. पुढच्या वेळी तो म्हणाला ‘तुला नाही येत’, की सरळ म्हणा, ‘खरंच की रे, नाही येत मला. काय म्हणतात कावळ्याला? शिकव मला.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पोळ्या लाटताना विचारा. विसरलात तर विसरलात, तो पुन्हा सांगेल. त्याची उजळणी होईल, तुम्हालाही चार शब्द येतील, आणि येत नसलेली गोष्ट विचारण्यात लाज नसते हे तो तुमच्याकडे बघून शिकेल. शाळेत पहिल्या दिवसापासून त्याला ते लागणार आहे.

आता रोबोकडे वळू. मी अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे खेळण्यांवर माझा राग नाही. पण गेल्या पावसाळ्यात भाचीकडे जे पाहिलं ते सांगते. तिची मुलगी तुमच्या मुलाच्याच वयाची, आणि घरात असाच एक रोबो. ती अंगणातून धावत आली, हातात बगळ्याचं पांढरंशुभ्र पीस, टोकाला थोडा चिखल. आधी रोबोकडेच गेली. त्याच्या तोंडासमोर धरून म्हणाली, ‘हे बघ, पीस!’ रोबोने ते ऐकलं आणि वाटाणे समजला. आनंदी आवाजात म्हणाला, ‘पीज आर ग्रीन! कॅन यू से ग्रीन?’ पोर हातातल्या पिसाकडे बघत राहिली. पुन्हा मोठ्याने म्हणाली, ‘पीस!’ पुन्हा ‘ग्रीन’. तिसऱ्यांदा ती पुटपुटली, ‘ग्रीन,’ आणि पीस तिथेच फरशीवर टाकून बसली.

मग तिच्या आजीने ते उचललं. ‘अगंबाई, बगळ्याचं ना हे? कुठे मिळालं?’ पुढची दहा मिनिटं त्या दोघी बोलत होत्या: बगळ्याला थंडी वाजत असेल का, पीस गळलं की दुखतं का, तो परत शोधायला येईल का. त्या दहा मिनिटांत त्या मुलीने जी वाक्यं रचली, त्यांत ‘जर’ होतं, ‘म्हणून’ होतं, ‘पण मग’ होतं.

इथे मला तुमच्या पत्रातल्या एका शब्दाबद्दल विचारायचंय. ‘तो इंग्रजी बोलतो’ असं तुम्ही लिहिलंय. आठवून बघा, त्याने इंग्रजीत कधी काही मागितलंय का? ‘नको’ म्हटलंय का? भांडलाय का, थाप मारलीय का? मराठीत तो हे सगळं दिवसभर करत असणार. इंग्रजीत त्याच्याकडे आज नावांची माळ आहे. माळ असू दे, ती काही वाया जाणार नाही. फक्त तिला बोलणं समजून तुम्ही स्वतःला त्याच्यामागे उभं करू नका.

या यंत्रांनी शिकवणं कितपत होतं, हे युरोपातल्या संशोधकांनी नीट तपासलं आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या पाच वर्षांच्या आसपासच्या १९४ मुलांना ३४ इंग्रजी शब्द शिकवले. काहींना टॅबलेट आणि जोडीला नाओ नावाचा, दोनेक फूट उंचीचा, हातवारे करणारा रोबो. काहींना नुसता टॅबलेट. मुलं शब्द शिकली, हे खरं. पण रोबोवाली आणि बिनरोबोवाली सारखीच शिकली. त्याआधी, २००४ साली, जपानच्या एका प्राथमिक शाळेत रोबोव्ही नावाचा इंग्रजी बोलणारा रोबो दोन आठवडे ठेवल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती मुलांचा गराडा, दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांचा रस ओसरला. जी थोडी मुलं टिकून राहिली त्यांचं इंग्रजी मात्र थोडं सुधारलं. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात २०१० च्या अखेरीस शाळांमध्ये इंग्रजी शिकवायला एंगकी नावाचे २९ रोबो आणले, त्याची जगभर बातमी झाली. त्या अंड्यासारख्या यंत्रातून बोलत कोण होतं? फिलिपिन्समध्ये बसलेल्या शिक्षिका. मुलाला उत्तर द्यायला शेवटी माणूसच लागला.

अगदी तान्ह्या बाळांचंही असंच दिसतं. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांना बारा वेळा चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ज्यांनी ऐकली, त्यांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तर काहीच पदरात पडलं नाही. तुमचा मुलगा बाळ नाही, या वयात पडद्यावरूनही शब्द उचलले जातात. पण बोलण्यातली देवघेव त्याला अजूनही माणसाकडूनच मिळते.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अ‍ॅना सोसा या संशोधिकेने दहा ते सोळा महिन्यांच्या मुलांच्या २६ घरांत आवाज नोंदवले. लाइट लागणारं, बोलणारं खेळणं हातात असलं की आईबापांचं बोलणं कमी झालं; पुस्तक असलं की सगळ्यात जास्त. खेळणं बोलतंय तर आपण कशाला, असं आपल्याला नकळत होतं. तुमच्या घरात नेमकं तेच झालंय असं मला दिसतं. आज्जी गप्प झाल्या, तुम्ही गप्प झालात. रोबोने काही वाईट शिकवलं म्हणून नाही. तो बोलत होता आणि तुम्ही दोघींनी जागा सोडून दिली म्हणून.

सासूबाई ‘फेकून दे’ म्हणतात, त्यामागे हेच दुखणं आहे. त्यांच्या गोष्टीला तुम्ही कमी लेखू नका. ‘एक होता राजा, त्याला दोन राण्या, पण...’ या ‘पण’पाशी मूल श्वास रोखून पुढचं ओळखू बघतं. उद्या धडा मराठीत असो वा इंग्रजीत, वाचून समजायला तेच ओळखू बघणं लागतं. एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते, असं कॅनडाचे भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स १९७९ पासून मांडत आले आहेत. बालवाडीत मीही हेच पाहिलं. घरी भरपूर गोष्टी ऐकलेलं मूल इंग्रजीतही लवकर रुळायचं, आईचं शिक्षण कितीही असो.

‘आत्ता नाही तर कधीच नाही’ ही तुमची दुसरी भीती. २०१८ मध्ये साडेसहा लाखांहून जास्त लोकांच्या इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या भाषेचं व्याकरण आत्मसात करण्याची ताकद सतरा वर्षांच्या आसपासपर्यंत टिकते, असं त्यात दिसलं. अगदी तिथल्याच माणसासारखं बोलायचं असेल तर दहाच्या आत सुरुवात व्हावी. तुमचा मुलगा सव्वाचारचा आहे, ताई. पुष्कळ वेळ आहे.

शाळेच्या माध्यमावर इथे पानभर लिहीत नाही. नवऱ्याशी बोलताना एवढं मात्र जवळ ठेवा: महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. मराठी शाळेत घातलं म्हणजे इंग्रजी तुटलं, असं नाही. शाळा निवडताना पाटीवरचं माध्यम बघण्याआधी वर्गात जाऊन बघा, बाई मुलांना बोलू देतात का, आणि त्या स्वतः ज्या भाषेत शिकवतात ती त्यांना सहज येते का. मला विचाराल तर, जिथे बाई इंग्रजीत वाचून दाखवतात आणि मुलं हाताची घडी घालून बसतात, त्या शाळेपेक्षा मी चांगली मराठी शाळा निवडेन.

आता कुणी फारसं सांगत नाही ते. हे खेळणं ऐकतं. घरात जे बोललं जातं ते त्याच्या मायक्रोफोनमधून कंपनीच्या संगणकापर्यंत जाऊ शकतं. जर्मनीच्या सरकारी यंत्रणेने फेब्रुवारी २०१७ मध्ये कायला नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, लपवलेलं ध्वनिप्रक्षेपण यंत्र म्हणून, आणि पालकांना ती नष्ट करायला सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेत क्लाउडपेट्स या मऊ खेळण्यांमधून नोंदलेले आईबापांचे आणि मुलांचे वीस लाखांहून जास्त आवाज उघड्यावर पडलेले सापडले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या ग्राहक संघटनेने कुमा नावाचं एआयवर बोलणारं अस्वल तपासलं, तर ते काडेपेटी कशी पेटवायची ते समजावून देत होतं आणि लैंगिक विषयांवरही बोलत होतं. कंपनीला काही काळ विक्री थांबवावी लागली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. पण आपण न वाचताच ‘मान्य’ दाबतो, तिथे कायदा काय करणार?

आणखी एक. मॉक्सी नावाचा ७९९ डॉलरचा रोबो अमेरिकेत मुलांचा मित्र म्हणून विकला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं कळवलं, आणि ‘तुमचा मित्र आता बोलणार नाही’ हे मुलांना समजावण्याची वेळ आईबापांवर आली. म्हणून आज रात्री मुलगा झोपल्यावर एक करून बघा. घरातलं वाय-फाय बंद करा आणि रोबोशी बोला. तो काय काय करू शकतो आणि काय नाही, ते दिसेल. ७०० रुपये कशाचे भरायचे, हेही कळेल.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते, पैसे भरू नका. निदान सहा महिने तरी नको. वर्षाचे ८,४०० रुपये होतात. त्याच्या थोड्याशा भागात नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं घरात येतील. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ फुकट आहे. तिथे बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे मिळतात. आधी मराठीत वाचा, दोन-चार दिवस तीच गोष्ट चघळू द्या, मग इंग्रजीत. गोष्ट ओळखीची असल्याने अडलं तरी दोघांना उमगेल. तुमच्या उच्चारांची चिंता नको, पुढे शाळा, मित्र, टीव्ही यांतून त्याचे उच्चार घडत राहतील. आणि दिवसातलं एकच काम इंग्रजीचं ठरवा. डबा उघडताना ‘ओपन इट’, पोळी वाढताना ‘वन मोअर?’, संपल्यावर ‘फिनिश्ड?’ एवढंच, पण रोज. त्याने ‘नो मोअर’ म्हणून ताट सरकवलं, की समजा त्याने इंग्रजीत पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी म्हटलं.

रोबो फेकायचाही नाही. मामाने हौसेने आणलाय, आणि मुलाचा जीव आहे त्याच्यावर. एकदम काढून घेतलात तर रडारड होईल आणि त्याचं खापर आज्जीवर फुटेल. पैसे न भरता जेवढा चालेल तेवढा चालवा; दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी बसलेल्या असताना. तो काही म्हणाला की मुलाला मराठीत विचारा, ‘काय म्हणाला रे? आपल्याकडे असतं का असं?’ खेळ झाला की बटण बंद. झोपायच्या खोलीत नाही, जेवताना नाही. पडदा असलेलं खेळणं असेल तर हेही ध्यानात ठेवा, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात सगळे पडदे मिळून तासाभराहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. मोबाइल त्यातच आला.

ज्यांनी अजून असं खेळणं घेतलेलं नाही आणि घ्यायचं मनात आहे, त्यांनी दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात: इंटरनेटशिवाय चालतं का, दरमहा किती भरायचं, आणि नोंदलेला आवाज आपल्याला पुसता येतो का. विक्रेत्याने टाळाटाळ केली तर परत फिरावं. आणि ज्यांचं मूल दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही, त्यांनी बोलायला शिकेल म्हणून रोबो अजिबात आणू नये. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावं, कान तपासून घ्यावेत.

नवऱ्याला हे पत्र दाखवा. त्यांना म्हणावं, सुट्टीच्या दिवशी कारखान्यातल्या गोष्टी पोराला सांगा. माग, शटल, बीम, बॉबिन. बघा, यातले किती शब्द मुळातले इंग्रजी आहेत. बाबा कामाचं सांगत असले की मूल कान देऊन ऐकतं.

राहिल्या सासूबाई. रात्री आज्जीच्या अंथरुणाशी रोबोला नेऊन बसवा, पण बंद करून. मुलाला सांगा, ‘अरे, याला इंग्रजी येतं, पण मराठी कुठे येतं? बगळा म्हटलं तर कळत नाही याला. आज्जी गोष्ट सांगेल, तू याला समजावून सांग.’ मग आज्जीने सुरू करावं, आणि दर दोन वाक्यांनी थांबून विचारावं, ‘कळलं का रे त्याला?’ पहिल्या रात्री काय झालं ते मला नक्की लिहा. आणि कावळ्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते पोराने तुम्हाला शिकवलं की तेही कळवा.